कुत्रा चावल्यावर जखमेत तिखट भरायला सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

एका रविवारी दुपारी दुकानाचं शटर ओढणार, तेवढ्यात मावशी तिच्या नातवाला घेऊन आली. पोरगा आठ वर्षांचा, डाव्या पोटरीला फडकं बांधलेलं. "जखम चिघळलीये, एखादं चांगलं मलम दे," म्हणाली. फडकं सोडलं. चार दातांच्या खुणा, त्यांच्यावर वाळलेल्या चुन्याची पापडी, आणि पापडीच्या फटींतून दिसणारं लाल तिखट. कडेने पू धरला होता. कधी चावला? "मंगळवारी." म्हणजे पाच दिवस झाले होते. धुतली का जखम? "पाणी लावायचं नसतं ना रे. आपल्या ग्रुपवर आलं होतं की, तू वाचलं नाहीस?"

आलं होतं. मी न वाचताच पुढे गेलो होतो. औषधाच्या दुकानात उभं राहून बावीस वर्षं झाली, असले मेसेज रोज येतात, म्हणून दुर्लक्ष केलं. आता केलं नाही. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: कुत्रा चावला तर जखमेला पाणी लावू नका, विष चढतं, लगेच तिखट आणि चुना भरा, विष जळतं. कुत्रा दहा दिवस जगला तर सुई घ्यायची गरज नाही. लहान पिल्लू चावलं किंवा नुसता ओरखडा असेल तर काही होत नाही. दवाखान्यात पोटात चौदा सुया देतात, त्याने लकवा होतो. सरकारी दवाखान्यात तर लस थेंबभरच देतात, आणि लस घेऊनही माणसं मरतात. त्यापेक्षा अमुक गावच्या बाबांची मुळी घ्या, तीन पिढ्यांत एकही रोगी दगावलेला नाही. चाळीस दिवस वांगं आणि दही वर्ज्य. शेवटी, "दहा ग्रुपवर पाठवा, एक जीव वाचेल."

आधी तिखट आणि पाणी. सगळा घात तिथे आहे.

रेबीज हे विष नाही. सापाच्या विषासारखं ते रक्तातून चढत नाही. तो विषाणू आहे आणि पिसाळलेल्या जनावराच्या लाळेतून जखमेत उतरतो. सुरुवातीला तो तिथेच, मांसात असतो. मग जवळच्या मज्जातंतूच्या टोकातून आत शिरतो आणि त्या तंतूच्या आतून हळूहळू मणक्याकडे, तिथून मेंदूकडे सरकतो. या प्रवासाला बहुतेक वेळा एक ते तीन महिने लागतात, कधी आठवडाभर, कधी वर्षाहून जास्त. तो मेंदूत पोचून लक्षणं दिसली की मग जगातलं कुठलंही हॉस्पिटल जवळजवळ काही करू शकत नाही. वाचलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यांतही बऱ्याच जणांना कायमचं अपंगत्व आलेलं. थोडक्यात, जे काही करायचं ते चावल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतच्या मधल्या काळात. हा मेसेज नेमका तोच काळ खातो.

या विषाणूच्या अंगावर चरबीचं आवरण असतं आणि साबण ते फोडतो. कोरोनात साबणाने हात का धुवायचे ते आपण घरोघरी शिकलो, कारण हेच. म्हणून कुत्रा चावला की नळाच्या धारेखाली साबण लावून पंधरा मिनिटं जखम धुवायची. घड्याळ लावून पंधरा मिनिटं, दोन तांबे ओतून भागत नाही. जागतिक आरोग्य संघटनाही तेच सांगते आणि आपल्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनाही. लस मिळायला तालुक्याला जावं लागेल, उशीर होईल, पण साबण आणि पाणी प्रत्येक घरात आहे. मावशीच्या मोरीत लाल साबणाची वडी असते. चावल्यावर पाचव्या मिनिटाला जे फुकट करता आलं असतं, ते पाच दिवस झालं नाही. आणि तिखट, चुना, हळद, रॉकेल, काहीही भरलं की जखम भाजते, मांस दुखावतं, पोर ती चोळतं, विषाणूला आत जायला आणखी वाटा मिळतात. विषाणू जळत नाही. जळतं ते लेकराचं मांस.

पाण्याची ही भीती कुठून आली असावी तेही कळतं. पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेला माणूस शेवटी पाणी पाहून घाबरतो, हे गावोगावी लोकांनी डोळ्यांनी पाहिलंय. पण ते जखमेला पाणी लागल्यामुळे होत नाही. मेंदूला सूज आलेली असते, घोट घ्यायला गेलं की घशाचे स्नायू असे आवळतात की जीव गुदमरतो. मग नुसता पेला समोर आला तरी झटका येतो. काहींना पंख्याच्या वाऱ्यानेही येतो. तहान लागलेली असते आणि पिता येत नाही. ज्याने हे एकदा पाहिलं तो साबणाच्या वडीला कमी लेखणार नाही.

दहा दिवसांची गोष्ट अर्धी खरी आहे, ते मान्य करायला हवं. पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेत विषाणू येऊ लागतो तो लक्षणांच्या थोडे दिवस आधी, आणि लक्षणं दिसल्यावर कुत्रा लवकरच मरतो. म्हणून चावणारा कुत्रा दहा दिवसांनी धडधाकट असेल, तर चावला त्या वेळी त्याच्या लाळेत रेबीज नव्हता असं म्हणता येतं. हे कुत्र्या-मांजरापुरतंच खरं. माकड, कोल्हा, मुंगूस यांना हा हिशेब लावायचा नाही. पण मेसेजने त्यातून काढलेला अर्थ उफराटा आहे. दहा दिवस वाट बघत बसायचं नसतं, लस त्याच दिवशी सुरू करायची असते. कुत्रा ठणठणीत राहिला तर डॉक्टर पुढचे डोस थांबवायचे का ते ठरवतात. आणि भटका कुत्रा दहा दिवस डोळ्यांसमोर ठेवणार कोण? मावशीच्या गावात तो मंगळवारीच लोकांनी मारून ओढ्यात टाकला. तपासायला आता काही उरलेलं नाही.

पिल्लू आणि ओरखडा: पिल्लालाही रेबीज होतो, त्याला अजून लस मिळालेली नसते, आणि लेकरं खेळतात पिल्लांशीच. रक्त न आलेला ओरखडा असला तरी लस घ्यायची. रक्ताचा टिपूस आला, उघड्या जखमेवर लाळ लागली, की लसीबरोबर सीरमही, म्हणजे विषाणूला रोखणाऱ्या तयार घटकांची सुई.

पोटातल्या चौदा सुया मात्र खोट्या नाहीत, जुन्या आहेत. आमच्या आजोबांच्या पिढीने त्या घेतल्या. डेव्हिड सेंपल या डॉक्टरने १९११ मध्ये कसौलीला ती लस केली; मेंढीच्या मेंदूपासून ती बनवायचे. काही लोकांना तिच्यामुळे खरंच लकवा व्हायचा, ही नोंदलेली गोष्ट आहे. ज्यांनी तो पाहिला त्यांची भीती मी खोटी ठरवणार नाही. पण ती लस आपल्याकडे वापरातून जाऊन वीस वर्षं होऊन गेली. आजची लस प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर तयार होते, दंडात देतात, पोटाला कुणी हात लावत नाही. दंड दुखेल, कणकण येईल, एवढंच.

"थेंबभर" लसीचंही तेच. बऱ्याच सरकारी दवाखान्यांत लस स्नायूत न देता कातडीच्या थरात देतात. दोन्ही दंडांवर ०.१ मिली, पहिल्या डोसच्या दिवशी, मग तिथून तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या. कातडीवर मसुराएवढा फुगवटा येतो. प्रमाण कमी म्हणून फसवणूक झाली असं लोकांना वाटतं. माझ्या काउंटरवर येऊन "तिथे नुसतं टोचल्यासारखं केलं, तुम्ही पूर्ण बाटली द्या" म्हणणारे कित्येक. कातडीत शरीराच्या पहारेकरी पेशी दाटीने असतात, त्यामुळे तिथे एवढीच मात्रा पुरते. भारतात २००६ पासून या पद्धतीला मान्यता आहे. एका बाटलीत जास्त माणसांचे डोस होतात, हा तिचा मोठा फायदा.

लस घेऊनही माणसं मरतात, यातही तथ्य आहे. २०२२ मध्ये केरळात अशा मृत्यूंवरून मोठा गदारोळ झाला. लसीचे नमुने तपासले गेले, दर्जात खोट निघाली नाही. मग का होतं असं? लसीने शरीरात प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूला रोखणारे घटक, तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. चावा तोंडावर, मानेवर, हाताच्या बोटांवर असेल तर मज्जातंतू भरपूर आणि मेंदूची वाट जवळ. तेवढी उसंत मिळत नाही. तो मधला काळ सांभाळायला तयार प्रतिपिंडांचं सीरम असतं, ते थेट जखमेत आणि जखमेभोवती टोचतात. ते राहून गेलं, उशिरा मिळालं, जखम धुतली नाही, डोस अर्धवट राहिले, की घात होतो. आणि सीरम सगळीकडे मिळत नाही, ही माझी खरी तक्रार आहे. आम्हालाही तालुक्याला लस मिळाली, सीरमसाठी जिल्ह्याला पाठवलं. पोराच्या पोटरीत चारही खुणांभोवती सुई फिरली तेव्हा तो इतका ओरडला की मावशी खोलीबाहेर जाऊन बसली. सीरम घोड्याच्या किंवा माणसाच्या रक्तापासून करतात, म्हणून टंचाई. प्रयोगशाळेत बनवलेल्या प्रतिपिंडांचं औषध पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०१७ मध्ये बाजारात आणलं, ते ग्रामीण रुग्णालयापर्यंत पोचायला हवं. मेसेज लिहिणाऱ्याने यासाठी आवाज उठवला असता तर मी स्वतः तो शंभर ग्रुपवर पाठवला असता.

आता आकडे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या संशोधकांनी २०२२-२३ मध्ये पंधरा राज्यांतल्या साठ जिल्ह्यांत घरोघरी जाऊन पाहणी केली, ती 'लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस'मध्ये छापून आली. त्यांचा अंदाज असा की देशात वर्षाला सुमारे ९१ लाख लोकांना जनावरं चावतात आणि सुमारे ५,७०० माणसं रेबीजने जातात. २००३ च्या पाहणीत हा अंदाज वीस हजारांवर होता. दोन्ही पाहण्यांच्या पद्धती वेगळ्या, तरी मृत्यू घटलेत हे दिसतं. ते मुळीने घटले नाहीत. याच पाहणीत आणखी एक गोष्ट आहे, ती माझ्या डोक्यातून जात नाही: कुत्रा चावलेल्या दर पाचांतल्या एकाने एकही डोस घेतला नव्हता, आणि ज्यांनी सुरू केला त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांनी पूर्ण केला नाही.

बाबांच्या मुळीला गुण का दिसतो, तेही या आकड्यांतच आहे. ९१ लाख चावे आणि ५,७०० मृत्यू. चावणारे बहुतेक कुत्रे पिसाळलेले नसतातच. कुणी पिलांजवळ गेलं म्हणून चावतात, कुणी शेपटीवर पाय दिला म्हणून. पिसाळलेला चावला तरी प्रत्येकाला रोग होतोच असं नाही. म्हणजे बाबांनी मुळीऐवजी साखर दिली असती तरी शंभरांतले बहुतेक घरी सुखरूप राहिले असते, आणि ते सगळे नारळ घेऊन परत येतात. ज्याला खरंच लागण झाली तो दोन महिन्यांनी जिल्ह्याच्या हॉस्पिटलात मरतो. त्याचे घरचे नारळ घेऊन येत नाहीत, बाबांच्या वहीत त्याची नोंद होत नाही. तीन पिढ्यांत एकही दगावला नाही, तो असा.

वांगं आणि दही खुशाल खा. लसीला काही पथ्य नाही.

कुत्र्यांचं काय करायचं, यावर आमच्या ग्रुपमध्ये वेगळी भांडणं झाली, मारून टाका म्हणणारेच जास्त. शेजारच्या गोव्याने २०१४ पासून कुत्र्यांनाच मोठ्या प्रमाणावर लस टोचली, शाळांतून मुलांना शिकवलं, संशयित कुत्र्यांवर पाळत ठेवली. काही वर्षांत कुत्र्यांमधला रेबीज ९२ टक्क्यांनी घटला, आणि २०२२ मध्ये त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. आपल्या कोकणच्या सीमेला लागून झालेलं काम आहे हे.

पोराचे तीन डोस झाले. जखम सुकतेय. कार्डावर चौथ्याची तारीख मी लाल पेनाने लिहून दिलीय, आणि मावसभावाला सांगितलंय की ऊसतोड असो की लग्न, ती चुकवायची नाही.

काल रात्री मावशीचा फोन आला. आवाज खाली होता. म्हणाली, "तुला सांगायचं राहिलं. त्या दिवशी त्याच कुत्र्याने वरच्या आळीतल्या सहा वर्षांच्या पोरीलाही धरलं होतं, हाताला. ते लोक बाबांकडे जाऊन मुळी घेऊन आलेत. आता तेरा दिवस झाले, आता काय उपयोग ना?" उपयोग आहे. महिना उलटला असला तरी लक्षणं दिसेपर्यंत लस आणि सीरम देतात, उशीर झाला म्हणून कुणी परत पाठवत नाही, पाठवलं तर मला फोन कर. आत्ता उठ, त्यांच्या घरी जा, हात साबणाने धुवायला लाव. उद्या सव्वासातची एसटी आहे, मी स्टँडवर उभा असेन.