ब्रेकरच्या फटी एमसीलने बुजवू नका भाऊ

रावेर-यावलकडच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय, की एमसीसीबीच्या (शॉर्ट झाला की लाइन आपोआप तोडणारा मोठा ब्रेकर) वरच्या फटी म्हणजे कंपनीची चूक, त्यातून धूळ जाते म्हणून एमसीलने बुजवा. धुळीचा त्रास खराय, पण हा उपाय चुकीचा आहे.

मी जळगावला पॅनल बनवतो, जळालेले ब्रेकर बरेच उघडून पाहिलेत. शॉर्ट झाला की कॉन्टॅक्ट सुटताना आत आर्क, म्हणजे विजेची ज्वाळा पेटते, तापमान हजारो अंश, हवा फुगते अन् प्लास्टिकच्या भिंतीतूनही गॅस सुटतो, सगळं काही मिलिसेकंदात. लोखंडी पट्ट्यांच्या जाळीत आर्कचे तुकडे होऊन तो विझतो अन् गॅस त्याच फटींतून बाहेर पडतो, तिथंच तर काजळी धरलेली दिसते. ते तोंडच बंद केलं तर सगळा दाब बॉडीवर येतो अन् ती फुटू शकते, समोर हँडल धरून आपणच उभे असतो.

धूळ नको तर पेटी चांगल्या गॅसकेटची घ्या. फटीसमोर कॅटलॉगात दिलेली जागा मोकळी सोडा, दोन फेजच्या मधले प्लास्टिकचे पडदे काढू नका, कारण तो गरम गॅस करंट वाहून नेतो. ज्यांनी बुजवलंय त्यांनी खरवडत बसू नका, तुकडे आत पडतात, ब्रेकरच बदला.

तो मेसेज पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हे टाका.