‘नकारात्मक प्रबलन’ म्हणजे चापट नव्हे

‘मुलांना शिस्त लावण्याचे मानसशास्त्र’ अशा मथळ्याचा एक संदेश सध्या सर्वत्र फिरतो आहे. त्यात चार दावे आहेत: शिक्षा म्हणजेच नकारात्मक प्रबलन आणि स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने तेच सर्वांत परिणामकारक ठरवले, रशियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांवरील प्रयोगांवरून बक्षिसाचे महत्त्व कळते, बक्षिसांनी मूल बिघडते, आणि कोणतीही सवय 21 दिवसांत लागते. (दुसरा आणि तिसरा दावा एकमेकांना छेद देतात, याची संदेशकर्त्याला फिकीर दिसत नाही.) चार वर्षांच्या मुलाला मारल्याचे समर्थन म्हणून माझ्या धाकट्या भावाने हाच संदेश माझ्यापुढे धरला, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

पहिला दावा निव्वळ चूक नाही, तो घातक आहे. प्रबलन कोणतेही असो, त्याने वर्तन वाढते. शिक्षेने ते कमी होते. सकारात्मक प्रबलनात काही हवेसे मिळते, तर नकारात्मक प्रबलनात काही नकोसे टळते. मोटारीत पट्टा लावताच कर्कश आवाज थांबतो आणि म्हणून आपण पुढच्या वेळी तो आधीच लावतो, हे नकारात्मक प्रबलन. आता हाच नियम चापटीला लावून पाहा. मूल किंचाळते, बाप मारतो, किंचाळणे क्षणात थांबते. येथे नकोसे काही टळले ते बापाचे. त्यामुळे नकारात्मक प्रबलन झाले ते त्याच्या मारण्याचे, आणि पुढच्या वेळी त्याचा हात अधिक लवकर उठतो. ‘मारल्याशिवाय ऐकतच नाही’ ही पालकांची खात्री बऱ्याच अंशी अशीच तयार होते.

स्किनरचे नाव या दाव्याला जोडणे तर हास्यास्पद आहे. 1938 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात उंदरांवरचा एक प्रयोग आहे. कळ दाबून अन्न मिळवायला शिकलेल्या उंदरांचे अन्न बंद केले आणि त्यांतील काहींना सुरुवातीची काही मिनिटे कळ दाबताच पंजावर फटका बसेल अशी व्यवस्था केली. त्यांचे कळ दाबणे लगेच मंदावले. पण फटके थांबल्यावर ते पुन्हा सुरू झाले, आणि दोन दिवसांअखेर त्यांनी फटके न खाल्लेल्या उंदरांइकतीच कळ दाबलेली होती. स्किनर शिक्षेचा पुरस्कर्ता नव्हता, तो आयुष्यभर तिचा विरोधक राहिला. माणसांच्या मुलांचा पुरावा हवा असेल, तर गेर्शॉफ आणि ग्रोगन-केलर या संशोधकांनी 2016 मध्ये 75 अभ्यास, म्हणजे सुमारे 1,60,000 मुलांची माहिती एकत्र तपासली. त्यात चापट मारण्याचा संबंध आक्रमकता, मानसिक त्रास आणि पालकांशी बिघडलेले नाते यांच्याशी आढळला; मुले अधिक आज्ञाधारक होतात, असे काही दिसले नाही. हे सहसंबंध आहेत, प्रत्येक ठिकाणी कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे खरे. पण संदेशातल्या ठाम विधानाला त्यातून तिळमात्र आधार मिळत नाही.

शिक्षेने वर्तन त्या क्षणी थांबते, एवढे मान्य करावे लागेल. भावाचाही मुद्दा तोच होता. मात्र त्याऐवजी काय करावे, हे शिक्षा शिकवत नाही.

पाव्हलॉव्हबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. घंटेसारख्या संकेतामागून अन्न येते हे कळल्यावर त्याच्या कुत्र्यांना संकेतानेच लाळ सुटू लागली, हे अभिजात अभिसंधान, म्हणजे दोन गोष्टी वारंवार जोडीने आल्याने एकीला दुसरीची प्रतिक्रिया जडणे. लाळ गाळल्याबद्दल त्यांना कोणी बक्षीस देत नव्हते. 21 दिवसांचा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या 1960 च्या पुस्तकातून आला आणि तेथेही तो ‘किमान’ म्हणून होता. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात सवय अंगवळणी पडण्याचा अंदाजित काळ 18 ते 254 दिवस निघाला.

बक्षिसांच्या दाव्यात अर्धे सत्य आहे, हे नाइलाजाने कबूल करतो. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांच्या 1973 च्या प्रयोगात, चित्रे काढायची मुळातच आवड असलेल्या मुलांना प्रशस्तिपत्रकाचे आमिष आधीच दाखवले, तेव्हा नंतर त्यांचा चित्रांतला रस घटला. पण तेच प्रशस्तिपत्रक ज्यांना अनपेक्षितपणे मिळाले, त्यांचा रस मुळीच घटला नाही. आणि ज्या कामाची मुलाला मुळात आवडच नाही, त्याला हा निष्कर्ष लागू पडत नाही.