पद्मिनीच्या काचेवर कुरडया

जुन्या प्रीमियर पद्मिनी मोटारीची समोरची काच काढायला नवतप्यासारखा, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांसारखा, मुहूर्त नाही. वर्षानुवर्षं ऊन खाऊन दगड झालेलं रबर याच दिवसांत जरा नरमतं. थंडीत हेच काम करायला जाल तर रबराआधी काच हातात येईल, तीही तुकड्यांत.

काच काढायचं कारण नेहमीचंच. खालच्या दोन कोपऱ्यांत रबराखाली पाणी मुरतं. बाहेरून रंगाला चार फुगे दिसतात, रबर उचललं की पत्र्यातून बोट आरपार. आधी वायपरचे दांडे आणि आतला आरसा उतरवायचा. रबराच्या खाचेत चकचकीत पट्टी असेल तर ती सावकाश ओढायची. एकदा मुरडली की मुरडली. मग बाहेरून रबराचा ओठ कटरने सरळ कापून टाकायचा. जुनं रबर वाचवायच्या लोभाने स्क्रूड्रायव्हर खुपसणाऱ्यांच्याच काचा जातात. लॅमिनेटेड काच मधोमध बुक्की सोसेल, पण कडेला लोखंड टेकलं की तडा थेट दुसऱ्या टोकाला. शेवटी एकाने आत बसून वरच्या कोपऱ्यापासून तळव्याने सारखा दाब द्यायचा, दुसऱ्याने बाहेर धरायचं. हा दुसरा मोबाइलवर बोलणारा नसावा.

निघालेली काच नेहमी उभी ठेवायची, लांब कडेवर, खाली दोन लाकडी पट्ट्या आणि गोधडी. आडवी कधीच नाही. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या वाड्याच्या अंगणात, भिंतीला टेकवून, मी ती तशीच ठेवली आणि पत्र्याला लावायचा गंजरोधक रंग, रेड ऑक्साइड, आणायला गेलो.

परत आलो तर काच दोन विटांवर आडवी, परातीसारखी, खोलगट बाजू वर. तिच्यावर ओळीने ओल्या कुरडया. शेजारी पाटावर काकू, हातात सोऱ्या.

"काकू, हे काय?"

"कुरडया."

"ते दिसतंय. पण काचेवर?"

"मग कायवर घालू? प्लास्टिकला चिकटते, लुगड्यावर घातलं तर धागे येते. ही कशी गुळगुळीत आहे! तू काढून ठेवली, मला वाटलं आता कामाची नाही."

"आडवी ठेवली की तडकते हो ती."

"काहून? गाडीत एवढं वारं खाते, माझ्या कुरडईचं कोणतं ओझं झालं रे बापा?"

गाडीत काचेला चारी बाजूंनी रबराचा आधार असतो, इथे सगळा भार दोन विटांच्या धारेवर आहे, असं मी सांगितलं. काकूंनी सोऱ्या फिरवत ऐकून घेतलं. मग मी म्हणालो, ही दोन काचांची जोडकाच आहे, मध्ये प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असतो. कडेने ओल शिरली की पापुद्रा सुटतो आणि काचेला पांढरट झाक येते, कायमची.

"पांढरट? तो चीक आहे. धुतला की जाते."

"बरं, वाळणार कधी?"

"तीन उन्हं तर पाहिजेच. गहू तीन दिवस भिजवले, तेव्हा कुठे चीक निघाला. तुझी गाडी तर वर्षभरापासून उभीच आहे, तिला काय घाई होऊन राहिली?"

"आणि मी आत्ता उचलली तर?"

"उचल ना! मोडल्या तर तुझ्या आईशी बोलतो मी."

नाही उचलली. लोकांना हे सांगताना मी हसतो, पण राग आहेच. त्याच अंगणात एका भाडेकरूची नवी कोरी गाडी उभी असते, तिच्यावर कोणी रुमालसुद्धा वाळत घालत नाही. जुन्या गाडीचा मात्र बंपर म्हणजे बाक आणि बॉनेट म्हणजे भाजीची पिशवी टेकवायची जागा.

सरकारचंही काही वेगळं नाही. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाला १०,००० रुपये. तीच गाडी मूळ रूपात पन्नाशी ओलांडेल तर २०२१ च्या नियमांनी ती व्हिंटेज, नंबरात 'व्हीए' अक्षरं, आणि नव्या नोंदणीचे २०,००० घेऊन वर सांगणार की रोजच्या वापराला काढायची नाही. पद्मिनी हे नावच १९७४ चं. म्हणजे बहुतेक पद्मिनी आज भंगार आणि वारसा यांच्या मधल्या फटीत उभ्या आहेत, पावत्या फाडत.

एवढ्यात काकूंचा भाचा आला. विटा त्यानेच लावल्या होत्या. "दादा, काच काढलीच आहे तर सनरूफ पण टाकून घ्या ना." पंचेचाळीस अंशांत, नागपुरात, डोक्यावर भोक! कापलेल्या छताचा ताणच जातो, ही एक गोष्ट. ज्या जुन्या विलायती गाड्यांना कारखान्यातूनच सनरूफ आलं, त्यांच्या चौकटीच्या कोपऱ्यांतून पाणी उतरायच्या नळ्या असतात. उन्हाळाभर त्यांत धूळ बसते आणि पहिल्या पावसात पाणी छताच्या कापडात. मेकॅनिक मग पूर्ण दाबाने हवा मारतो, नळी आतल्या आत सांध्यातून निसटते, आणि अख्खं कापड उतरवावं लागतं. नायलॉनची जाड तार हलक्या हाताने घालावी. हे सगळं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "पण भारी दिसते."

कुरडया वाळेपर्यंत पत्रा झाला. सडलेला भाग कापून नवा तुकडा वेल्ड केला; नुसत्या पुट्टीचा भरवसा एका पावसाळ्यापुरता. नवं रबर आधी काचेवर चढवायचं आणि सांध्याला सेंटीमीटरभर जास्तच ठेवायचं, नाहीतर आकसून फट पडते. रबराच्या पत्र्याकडच्या खाचेत चार-पाच मिलिमीटरची दोरी, टोकं खाली मधोमध वीतभर एकमेकांवरून. साबणाचं पाणी लावायचं. तेल-ग्रीस नाही, रबर फुगतं. आतून दोरी ओढत जायची, बाहेरून तळव्याने थोपटायचं, ओठ आपोआप पत्र्यावर चढतो.

काच तडकली नव्हती. पण काकूंनी कुरडया उलथण्याने सोडवल्या होत्या. खोलगट बाजू म्हणजे आतली, आणि ओरखडे बरोब्बर चालवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर. नखाला लागतील असे ओरखडे काच घासायच्या सीरियम ऑक्साइड पावडरीने जात नाहीत. जास्त घासाल तर काचेला लाट येते आणि समोरचा रस्ता पोहायला लागतो. रात्री समोरून दिवे आले की हे सगळं उजळून निघणार.

रबराखाली सीलंट भरून पाइपने पाणी मारत होतो, खालून वर, कुठे झिरपतं ते पाहत. काकू ओसरीवरून बघत होत्या.

"मागची काच केव्हा काढतो रे? मूगवड्या राहिल्या माझ्या."