बायोडिझेलला शिव्या घालू नका, ते तुमच्या टाकीत पडलंच नव्हतं

"बायोडिझेल टाकलं अन् पंप बसला." हे वाक्य ऐकून ऐकून माझं डोकं फिरायची वेळ आली आहे. लातूर-नांदेड रोडला पंप-नोझलचं, म्हणजे इंजिनात दाबानं डिझेल सोडणाऱ्या भागांचं, काम करणाऱ्या कुठल्याही मिस्त्रीला विचारा. पेरणीच्या आणि मळणीच्या दिवसांत कुणीतरी हेच म्हणत ट्रॅक्टर टोचन करून आणतो. कधी ट्रॅक्टर असतो, कधी हार्वेस्टर, कधी उसाच्या वाहतुकीचा ट्रक. आणि प्रत्येक जण शिवी घालतो ती बायोडिझेलला.

"कुठून भरलं मामा?"

"ते की ओ, रोडच्या कडंला टँकर उभा ऱ्हायलाय न्हवं. पेट्रोल पंपापेक्षा लिटरला पंधरा-वीस रुपयानं सस्तं देतेत. पाटीच लावलीय बायोडिझेल म्हणून."

"बिल?"

"बिल कशाचं आलंय."

बिल नाही, परवाना कुणी बघितला नाही, रिपोर्ट नाही. रात्री गाडी लागते, नळीला गन जोडलेली असते, रोख पैसे घेतात आणि टाकी भरून देतात. पत्र्यावर रंगानं "बायो" लिहिलं की झालं बायोडिझेल! अहो, बायोडिझेल म्हणजे वनस्पती तेलापासून केलेलं इंधन, आणि हे ते नसतं. कारखान्यात वापरायचं औद्योगिक तेल, सॉल्व्हंट, रॉकेलच्या जातीचं काहीतरी, जे स्वस्त मिळेल ते एकत्र करून विकतात. टाकीचं झाकण उघडलं की थिनरसारखा वास नाकात जातो. खरं बायोडिझेल हुंगून बघा, तळणाच्या तेलाचा मंद वास येतो. एवढा फरक लहान पोरालाही कळेल, पण रात्री अकराला टँकरपुढं रांगेत उभं राहून हुंगतंय कोण.

पंप उघडला की मी एलिमेंट बाहेर काढून मालकाच्या तळहातावर ठेवतो. हा करंगळीएवढा पोलादाचा दांडा आपल्या नळीत वर-खाली पळतो आणि दोघांमधली फट असते दोन-तीन मायक्रॉनची. केसाच्या जाडीचा विसावा-तिसावा भाग. इथं वेगळं ऑईल घालत नाहीत, जे डिझेल जातं तेच त्याचं वंगण. चांगला एलिमेंट आरशासारखा चमकतो आणि नखाला काहीच लागत नाही. या बनावट तेलावर चाललेल्या एलिमेंटवर मात उभे ओरखडे दिसतात, नख फिरवलं की अडकतं, कडेला निळसर डाग पडलेला असतो. वंगणच नव्हतं तर दुसरं काय होणार. साध्या पंपाचं एकवेळ निभतं. पण जानेवारी 2023 पासून 50 हॉर्सपॉवरच्या वरचे ट्रॅक्टर नव्या प्रदूषण नियमाचे आले आणि त्यांच्यात कॉमन रेल शिरली, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून जबर दाबानं डिझेल देणारी यंत्रणा. तिथं दाब हजार-दीड हजार बारच्या पुढं जातो. एकेक इंजेक्टर पाच आकडी रकमेचा. पन्नास लिटरमागं साडेसातशे-हजार वाचवायला गेलेला माणूस माझ्यासमोर खाली मान घालून बसतो, आणि कंपनीवाले तेलाचं कारण सांगून वॉरंटी नाकारतात. ट्रॅक्टरचा हप्ता काही थांबत नाही आणि वाफसा गेला की पेरणी कुणाची वाट बघत नाही.

खरा संताप इथं आहे. नेमकं वंगणाच्याच बाबतीत खरं बायोडिझेल डिझेलपेक्षा सरस आहे! एप्रिल 2020 पासून नव्या प्रदूषण नियमाचं बीएस-6 डिझेल आलं, गंधक 10 पीपीएमवर, म्हणजे दहा लाखात दहा भागांवर, आणलं. हवेसाठी ते चांगलंच झालं. पण गंधक काढायच्या प्रक्रियेत डिझेलचा अंगचा वंगणपणाही जातो, म्हणून कंपन्यांना वरून रसायन घालावं लागतं. त्याच डिझेलमध्ये एक-दोन टक्के खरं बायोडिझेल घातलं तरी वंगणपणा परत येतो. म्हणजे ज्या वस्तूनं पंपाचं आयुष्य वाढायला पाहिजे, तिच्याच नावावर लोक पंप मारायलेत. आणि गावोगाव बोभाटा काय झाला, तर "बायो लई बेकार राव."

खरं बायोडिझेल कसं होतं ते एकदा समजून घ्या, म्हणजे टँकरवाला काय विकतो ते आपोआप कळेल. कुठलंही वनस्पती तेल घ्यायचं, करंजाचं घ्या नाहीतर तळून उरलेलं घ्या. आधी गाळायचं, तापवून त्यातलं पाणी घालवायचं. मिथेनॉलमध्ये थोडा कॉस्टिक सोडा विरघळवून ते तेलात मिसळायचं आणि साठ अंशांच्या आतबाहेर तापमान ठेवून ढवळत राहायचं. मग ढवळणं थांबवून निवांत बसू द्यायचं. तळाला तपकिरी, घट्ट ग्लिसरीन बसतं आणि वर सोनेरी पातळ थर येतो. तो थर म्हणजे बायोडिझेल. ते पाण्यानं धुवायचं, सुकवायचं. शंभर लिटर तेलाचं जवळपास शंभर लिटर बायोडिझेल हातात येतं. करंजाच्या तेलात आम्ल जास्त असतं, त्याला आधी एक वेगळी पायरी लागते, नाहीतर सगळ्याचा साबण होतो. मिथेनॉल विषारी, पोटात गेलं तर डोळे जातात, जीव जातो. परवान्याशिवाय ते ठेवता येत नाही आणि तसंच पाहिजे. हे काम कष्टाचं आहे, मोजून-मापून करायचं आहे. त्याला मानक आहे, आयएस 15607. घनता घनमीटरला 860 ते 900 किलोच्या दरम्यान पाहिजे, आणि 101 अंशांच्या खाली त्याच्या वाफेनं पेट घेता कामा नये. म्हणजे डिझेलपेक्षा हाताळायला सुरक्षित. टँकरमधलं ते थिनरच्या वासाचं पाणी या कसोटीला उतरेल का?

एक सोपी परीक्षा आहे, लॅबमध्ये किंवा मिथेनॉलचा परवाना असलेल्याकडे करून घ्यायची, घरी नाही. काचेच्या नळीत 27 मिली मिथेनॉल घ्यायचं, त्यात 3 मिली नमुना टाकायचा, हलवायचं. खरं बायोडिझेल पूर्ण विरघळून जातं. डिझेल असो, औद्योगिक तेल असो, कच्चं गोडेतेल असो, विरघळत नाही, वेगळा थर धरून बसतं. हे पाच मिनिटांचं काम. छापा टाकणाऱ्या पथकानं जागेवर केलं तरी पहिला अंदाज तिथंच येतो. पण होतं काय? पेपरात फोटो येतो, टँकर सील होतो, आणि थोड्या दिवसांनी दुसऱ्या गावाच्या फाट्यावर दुसरी पाटी उभी राहते. केंद्राच्या सूचना 30 एप्रिल 2019 च्याच आहेत. किरकोळ विक्रीला परवानगी लागते, माल मानकात बसणारा लागतो, आणि तो डिझेलमध्ये मिसळण्यासाठी असतो. कागद सगळा तयार आहे. रस्त्यावर उतरून तो दाखवायला मात्र माणूस नाही. डिझेलवर व्हॅट, बायोडिझेलवर जीएसटी, या दोन करांच्या फटीत चोर घुसलाय हे सगळ्यांना माहीत आहे. माहीत असून कुणी हलत नाही, म्हणून चीड येते.

मला खऱ्या बायोडिझेलचे दोष झाकायचे नाहीत. जुन्या गाडीचे रबरी पाइप त्यानं फुगतात. टाकीच्या तळाचा जुना गाळ ते सोडवतं, त्यामुळं सुरुवातीला फिल्टर लवकर तुंबतो. फार महिने साठवलं तर खराब होतं. आणि आपल्या परभणीत डिसेंबर-जानेवारीत पारा पाच-सहा अंशांवर आला की पामतेलाचं नुसतं बायोडिझेल डालड्यासारखं गोठतं. पण हे सगळे दोष माहीत असलेले आहेत, त्यांना उपाय आहेत. डिझेलमध्ये थोड्या प्रमाणात मिसळा, पाइप बदला, फिल्टर वेळेवर टाका. फसवणुकीवर मिस्त्रीकडं कुठला उपाय असतो?

मग खरं बायोडिझेल मिळत का नाही? चाळिशीपुढच्या शेतकऱ्याला मोगली एरंड, म्हणजेच जट्रोफा, आठवत असेल; त्याच्या बियांच्या तेलाचं बायोडिझेल करायचं होतं. 2003 मध्ये नियोजन आयोगाच्या समितीचा अहवाल आला आणि जट्रोफा-जट्रोफा सुरू झालं. पडीक रानात लावा, पाणी नको, जनावर तोंड लावत नाही, डिझेल पिकवा. रोपं वाटली, बांधावर लावली, गायरानात लावली. झाड जगलं, पण कोरडवाहूत शेंग धरेना. जी धरली ती एकदम पिकत नाही, एकाच घोसात हिरवी, पिवळी, काळी. तोडायला बाई लावली तर बियांपेक्षा मजुरी जास्त. 2006 पासून सरकारनं बायोडिझेल खरेदीचा भाव लावला लिटरला 25 रुपये. त्या भावात कुणाचं काय भागणार होतं? 2009 च्या धोरणात लिहिलं, 2017 पर्यंत वीस टक्के मिसळू. 2018 च्या धोरणात तेच लक्ष्य पाच टक्क्यांवर आणलं आणि साल टाकलं 2030. आजवर एक टक्कासुद्धा धड झालेलं नाही.

आणि पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल बघा. वीस टक्क्यांचं लक्ष्य 2030 चं होतं, ते 2025 मध्येच गाठलं. कारण त्यामागं साखर कारखाने होते, डिस्टिलरीला व्याज सवलतीचं कर्ज होतं, तेल कंपन्यांचा ठरलेला भाव होता. मक्याच्या इथेनॉलला लिटरला 71 रुपये 86 पैसे. मक्याला मात्र बाजारात हमीभाव मिळेना, आणि इथेनॉल काढून उरलेला मक्याचा चोथा पशुखाद्यात आला म्हणून सोयाबीनच्या पेंडीचा उठाव पडला. लातूरच्या आडतीवर सोयाबीन घेऊन गेलेल्याला विचारा तो काय म्हणतो. पाण्याचं तर बोलूच नका. उसापासून एक लिटर इथेनॉलला 2,860 लिटर पाणी लागतं, हे नीती आयोगाच्याच 2021 च्या अहवालात आहे. ज्या लातूरला एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, त्या पट्ट्यात हे चाललंय. आणि जुनी मोटारसायकल असलेल्या पोराला पंपावर साधं पेट्रोल निवडायची सोय नाही. नीती आयोगाच्या त्याच अहवालात जुन्या दुचाकीचं ॲव्हरेज तीन-चार टक्क्यांनी पडेल असं लिहिलंय. त्याची भरपाई कोण देणार हे कुणी सांगितलं नाही.

देशात डिझेल पेट्रोलच्या दुपटीहून जास्त खपतं. ट्रॅक्टर, ट्रक, हार्वेस्टर, एसटी, सगळं डिझेलवर. म्हणजे शेतकऱ्याच्या टाकीत जे जातं तिथं काम करायची खरी गरज होती. पण बायोडिझेलमागं कुठला कारखानदार उभा नाही, म्हणून ते फाट्यावरच्या टँकरवाल्यासाठी मोकळं सोडलं.

कच्चा माल नाही म्हणू नका. छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर, जालना, नुसत्या हॉटेलांच्या, खानावळींच्या आणि फरसाणवाल्यांच्या कढया मोजा. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे, तेलातले ध्रुवीय घटक, म्हणजे परत परत तापवून तयार होणारे खराब घटक, 25 टक्क्यांच्या वर गेले की ते तेल खाण्यासाठी वापरायचं नाही. 2018 पासून हे वापरलेलं तेल गोळा करून बायोडिझेल करायची योजनाही आहे. प्रत्यक्षात मोठ्या हॉटेलातलं काळं तेल डब्यात भरून हातगाड्यांना विकलं जातं, त्यात परत वडे तळले जातात आणि ते शाळेबाहेरची पोरं खातात. जे ट्रॅक्टरच्या टाकीत जायला पाहिजे ते लेकरांच्या पोटात चाललंय, आणि जे कारखान्यात जायला पाहिजे ते ट्रॅक्टरच्या टाकीत! हे बघून ज्याला राग येत नाही त्याच्याशी मला बोलायचंच नाही.

"गरिबाला दोन पैसे सस्तं मिळायलंय, तुमच्या पोटात का दुखायलंय," असंही मला तोंडावर ऐकवलेलं आहे. माझ्या पोटात दुखतं कारण पंप माझ्या टेबलावर उघडतो आणि पैसे त्या गरिबाच्याच खिशातून जातात. माझा धंदा त्यावर चालतो हे खरं, तरी असलं काम मला नको.

ज्याला बायोडिझेल विकायचंय त्यानं दर्शनी भागात परवाना लावावा, त्या मालाचा आयएस 15607 चा रिपोर्ट लावावा आणि बिल द्यावं. साध्या पेट्रोल पंपावर गिऱ्हाईक घनता तपासून मागू शकतो, पाच लिटरचं माप मागू शकतो, मग इथं का नाही? हे जमत नसेल तर पाटीवरचं "बायो" पुसून टाकावं. आणि तुम्ही भरणारच असाल तर बिल घेतल्याशिवाय पैसे देऊ नका, काचेच्या बाटलीत अर्धा लिटर नमुना काढा, वर तारीख आणि जागा लिहा आणि सावलीत ठेवा. पंप बसला तर ती बाटली आणि ते बिल घेऊन तहसीलच्या पुरवठा विभागात लेखी तक्रार द्या, पोच घ्या, आणि त्या पोचेची एक झेरॉक्स मला आणून द्या. वर्कशॉपच्या भिंतीवर लावतो.