प्रसिद्धीपत्रकातून विधान भवनात: होतकरूंसाठी मार्गदर्शन

घरात पदवी घेतलेला, रिकामा आणि मराठी टायपिंग बरं असलेला मुलगा असेल तर त्याला स्पर्धा परीक्षेच्या क्लासला घालून पैसे वाया घालवू नका. एखादा साहेब गाठून द्या. पाच-दहा वर्षं साहेबांची प्रसिद्धी सांभाळली की पोरगं आमदार.

थट्टा वाटते? दिलीप वळसे-पाटील शरद पवारांचे स्वीय सहायक होते. १९९० साली आंबेगावातून आमदार झाले, पुढे विधानसभेचे अध्यक्ष आणि गृहमंत्रीही. अभिमन्यू पवार देवेंद्र फडणवीसांचे स्वीय सहायक, २०१९ मध्ये औशाचे आमदार. उद्धव ठाकरेंचे स्वीय सहायक मिलिंद नार्वेकर जुलै २०२४ मध्ये विधान परिषदेवर गेले. या मंडळींशी माझं भांडण नाही. साहेबांची डायरी सांभाळणाऱ्याला राज्य कुठे अडतं ते कळत असणार. मी सांगतोय ते त्यांच्या शेजारच्या टेबलाबद्दल, जिथे प्रसिद्धीवाला बसतो.

पहिला धडा प्रसिद्धीपत्रकाचा. कार्यक्रम संध्याकाळी सहाला असेल तर पत्रक दुपारी तीनला पाठवा, 'टाळ्यांच्या कडकडाटात' हे शब्द घालूनच. साहेब आलेच नाहीत तरी पत्रक मागे घेऊ नका, आमच्या वर्तमानपत्राच्या डेस्कवर कुणाला कळतंय? बातमी चार ओळींची आणि 'यावेळी उपस्थित होते'ची यादी दीड पान. त्यातलं एक नाव गळालं तर रात्री साडेअकराला, पान लागत असताना, फोन करा. फोटो आठ पाठवा, आठही सारखे. शेवटी 'आपल्या लोकप्रिय दैनिकात ठळक प्रसिद्धी द्यावी ही नम्र विनंती' असं लिहा. सकाळी बातमी सिंगल कॉलम दिसली तर 'जाहिरातीचं बघतो' एवढंच म्हणा. धमकी द्यायची गरज नाही, आम्हाला कळतं.

फोटोत कायम साहेबांच्या उजव्या खांद्यामागे.

पक्ष फुटला की निषेधाचं आणि स्वागताचं, दोन्ही पत्रकं तयार ठेवा. साहेब कुठल्या गाडीत बसले ते बघून एक पाठवा.

निवडणूक लढवायची भीती वाटते? मग राज्यपालनियुक्त बारा जागा बघा. साहित्य, विज्ञान, कला, सहकारी चळवळ आणि समाजसेवा यांतलं ज्ञान किंवा अनुभव हवा, असं संविधानाच्या १७१व्या अनुच्छेदात आहे. न झालेल्या सभेचं वर्णन करणं हे साहित्य नाही तर काय? फक्त धीर धरा. नोव्हेंबर २०२० मध्ये पाठवलेली बारा नावं राजभवनात पडून राहिली, सरकार जाईपर्यंत हललं नाही काही. आणि १५ ऑक्टोबर २०२४ ला सात जणांचा शपथविधी झाला, विधानसभेची निवडणूक जाहीर झाली त्याच दिवशी.

आता शेवटचा धडा. आमदार झालात की पहिला आपला फोन दुसऱ्याच्या हातात द्या. परवा मी अशाच एका आमदारांना फोन लावला. एके काळी हे गृहस्थ आमच्या डेस्कवर खुर्ची ओढून बसायचे, चहा आमचा प्यायचे, 'दादा, तेवढा फोटो घ्या ना' म्हणायचे. प्रश्न साधा होता: तालुक्यातल्या पाणी योजनेची टाकी बांधून झाली, रंगली, तिच्यावर यांचं नाव आलं, पाणी कधी येणार? पलीकडून नवा मुलगा म्हणाला, "भाऊ बैठकीत आहेत, व्हॉट्सअ‍ॅप करून ठेवा." केलं. दोन निळ्या रेघा आल्या. उत्तर आलं ते रात्री, आणि ते काय होतं? त्याच टाकीसमोर भाऊंच्या वाढदिवसाच्या वृक्षारोपणाचं प्रसिद्धीपत्रक. आठ फोटो. झाडांना पाणी टँकरनं घातलंय, फोटोत टँकर दिसतोय!

अहो भाऊ, लाज वाटते का काही? बातमी कशी दाबतात, कशी फुगवतात, कुणाच्या नावावर खपवतात हे तुम्हाला पक्कं ठाऊक, म्हणून आमच्यावरही तेच करता? वर्तमानपत्रात छापून आलं म्हणजे काम झालं, असं तुम्ही साहेबांना सांगत होतात तोवर ठीक होतं, तो तुमचा पगार होता. आता सभागृहात तारांकित प्रश्न लावायचा हक्क तुमचा आहे, लक्षवेधी मांडायची मुभा आहे, खात्याच्या अभियंत्याला बोलावून जाब विचारता येतो. त्यातलं एकही जमत नसेल तर निदान फोन स्वतः उचला आणि 'पाणी येणार नाही' असं स्वतःच्या तोंडानं सांगा. बायका अजून हंडे घेऊन विहिरीवर जातायत. आणि ते आठ फोटो मी डिलीट केलेत, उद्या विचारू नका.