पुढचं स्टेशन तुकाय मैदान

कझान ही रशियातल्या तातारस्तान या प्रजासत्ताकाची राजधानी. तिथल्या मेट्रोत पुढच्या स्टेशनाचं नाव तीन भाषांत सांगतात: रशियन, तातार आणि इंग्रजी. गाडी शहराच्या मधल्या भागात आली आणि तातार घोषणेत मला स्वच्छ 'मैदान' ऐकू आलं. तुकाय मैदान. गब्दुल्ला तुकाय हा वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, १९१३ साली गेलेला तातार कवी. मातृभाषेवरच्या त्याच्या ओळी तातार घरांत अजून गायल्या जातात. सात वर्षं मॉस्कोत राहून रशियन शब्द घोकत आलेल्या माझ्या कानाला इतक्या लांब, व्होल्गेच्या काठी, घरचा शब्द भेटला. काही काम नसताना मुलाचा हात धरून मी त्या स्टेशनावर उतरले.

हे लिहायचं कारण घरचं भांडण. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची करणारा शासन निर्णय काढला. ओरड झाली. जूनमध्ये सुधारित निर्णय आला: साधारणपणे हिंदीच, पण वर्गातल्या किमान वीस मुलांनी दुसरी भाषा मागितली तर ती. २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले. ते तीन महिने आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज खडाजंगी चालली होती. मामेभाऊ लिहायचा, रशियाकडे बघा, जपानकडे बघा, सगळं मातृभाषेत शिकून ते अवकाशात गेले. चुलत बहीण लिहायची, पोटाची भाषा इंग्रजी आहे, मराठीचं प्रेम घरात ठेवा. आणि मग दोघंही मला विचारायचे, ताई, तू तिथे राहतेस, तू सांग.

मामेभावाचं म्हणणं खोटं नाही. मी औषधांच्या नोंदणीचं काम करते. भारतात तयार झालेली गोळी इथल्या दुकानात यायची तर खोक्यावरचं नाव, आतलं माहितीपत्रक, दुष्परिणामांची यादी, सगळं रशियनमध्ये लागतं. त्यात चूक निघाली तर माल अडतो. दवाखान्यात पायांत निळे प्लास्टिकचे मोजे चढवून आत जायचं, कोट खाली गार्देरोबमध्ये ठेवून बिल्ला घ्यायचा, आणि मग डॉक्टर जे सांगतात, जे लिहून देतात, रक्ताचा अहवाल जो येतो, ते सगळं शेजारच्या आजीला वाचता येतं. माझं माहेर मिरजेचं, म्हणजे दवाखान्यांचं गाव. तिथे कर्नाटकातून, कोकणातून आलेली माणसं इंग्रजी अहवाल हातात धरून औषधाच्या दुकानदाराला विचारताना मी लहानपणापासून पाहिली आहेत, 'यात काय लिहिलंय हो?' मॉस्कोत पहिल्या हिवाळ्यात मला हाच फरक सगळ्यात जास्त लागला. मेट्रोचे संगमरवरी खांब आणि झुंबरं पाहून पाहुणे हरखतात, मीही हरखले होते. पण डॉक्टरांनी लिहिलेला कागद स्वतः वाचणारी आजी मला त्याहून मोठी वाटली.

इथल्या परदेशी वाङ्मयाच्या ग्रंथालयात २०२२ पासून अण्णाभाऊ साठ्यांचा पुतळा आहे. १९६१ साली ते या देशात येऊन गेले, त्याच्या कितीतरी आधी त्यांनी स्टॅलिनग्राडच्या लढाईवर पोवाडा रचला होता. घरून कोणी आलं की मी त्यांना आधी तिथे नेते, मग लाल चौकात.

पीटर्सबर्गला आम्ही दोनदा गेलो. वेगवान गाडीनं चार तास. तिथे मला मौज वाटली ती मॉस्को आणि पीटर्सबर्गच्या शब्दांवरून चालणाऱ्या भांडणाची. फूटपाथच्या कडेच्या दगडाला मॉस्कोत 'बर्द्यूर' म्हणतात, पीटर्सबर्गमध्ये 'परेब्रिक'. इमारतीच्या दाराला एकीकडे 'पद्येज्द', दुसरीकडे 'परादनाया'. मॉस्कोत जे 'शाउर्मा' म्हणून विकतात ते तिथे 'शावेर्मा'. आपल्याकडे पुणं आणि नागपूर जसं एकमेकांच्या शब्दांवरून चिडवतं तसंच. पण या भांडणात भीती नाही. कोणता शब्द जिंकला तरी रशियन भाषा हरत नाही, हे दोघांनाही ठाऊक आहे. घरी परतून मी मामेभावाला तसं कळवलंही होतं: तू म्हणतोस ते बरोबर आहे.

मग आम्ही कझानला गेलो.

मॉस्कोहून रात्रीची गाडी. डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याची टाकी, धातूच्या नक्षीदार पकडीत बसवलेला काचेचा पेला, आणि समोरच्या बाकावर ब्रेड, काकडी, उकडलेली अंडी उलगडून आम्हालाही घ्या म्हणणारं कुटुंब. हे आपल्या महालक्ष्मी एक्स्प्रेसमधल्या चटणी-भाकरीच्या इतकं जवळचं आहे की त्या प्रवासात मला परकेपण असं वाटलंच नाही. स्टेशनबाहेर सैन्यभरतीच्या जाहिराती होत्या. त्यांच्याबद्दल अनोळखी माणसाशी कोणी काही बोलत नाही, तिथेही बोललं नाही.

एका ओळखीच्या बाईंच्या थोरल्या बहिणीकडे उतरलो. साठीच्या. सगळे त्यांना आपा म्हणत. तातारमध्ये आपा म्हणजे थोरली बहीण, आत्या, मावशी, मान द्यायच्या कोणत्याही बाईला म्हणायचं. दुपारी त्यांनी बटाटा, मांस आणि कांदा भरलेले तीन कोपऱ्यांचे एचपोचमाक केले, वर मधात घोळवलेलं चाकचाक, आणि दुधाचा चहा. रशियन माणूस सहसा बिनदुधाचा पितो, त्यामुळे तो चहा पाहूनच मला बरं वाटलं. मग आम्ही दोघी स्वयंपाकघराच्या टेबलाशी शब्द जुळवत बसलो. त्या म्हणाल्या खिसाप, मी म्हटलं हिशेब. जवाप, जबाब. खबर, खबर. शहर, शहर. वहीला तातारमध्ये 'दॅफ्तॅर' म्हणतात हे कळलं तेव्हा मी मुलाला हाक मारून सांगितलं, बघ, आपलं दप्तर! दोघांकडेही हे शब्द अरबी-फारसीतून आले, हे मला माहीत होतं. तरी त्या टेबलाशी बसून ते ऐकणं वेगळं होतं. पंधराव्या शतकात त्वेरचा व्यापारी अफनासी निकितीन व्होल्गेनं निघून चौलला उतरला, पावसाळाभर जुन्नरला राहिला. त्याच्या रशियन लिखाणात मधूनच तुर्की बोलीतले शब्द आणि प्रार्थना येतात. त्या काळच्या व्यापाराच्या वाटेवर एवढं मिसळणं सहज होतं.

बाहेर अंगणात माझा मुलगा आणि आपांचा नातू खेळत होते. आपा तातारमध्ये हाक मारत होत्या, मी मराठीत. दोघांचं उत्तर रशियनमध्ये येत होतं.

आपा शाळेत तातार शिकवत असत. १९९२ च्या राज्यघटनेनुसार तातारस्तानात रशियन आणि तातार या दोन्ही राज्यभाषा, आणि शाळेत तातार सगळ्यांना सक्तीची होती, रशियन मुलांनाही. जुलै २०१७ मध्ये राष्ट्राध्यक्ष पुतिन म्हणाले की कुणाला त्याची मातृभाषा नसलेली भाषा शिकायला भाग पाडता येणार नाही. त्या शरद ऋतूत सरकारी वकिलांच्या कचेरीनं शाळाशाळांत तपासणी केली, नोव्हेंबरअखेर तातारस्तानच्या विधिमंडळानं मान तुकवली, आणि २०१८ मध्ये देशभराचा कायदा झाला. आता तातार ऐच्छिक आहे. पालकांनी लेखी अर्ज द्यायचा, आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास मिळतात. 'मातृभाषा' या विषयाखाली रशियनही निवडता येते. आपांसारख्या कित्येक शिक्षकांना रशियन किंवा दुसरा विषय शिकवण्याचं प्रशिक्षण घ्यावं लागलं.

ऐच्छिक हा शब्द किती सभ्य वाटतो. पण २००९ पासून विद्यापीठाचं दार उघडणारी शालान्त परीक्षा फक्त रशियनमध्ये होते. मग आठवड्याचे तास कुठे घालवायचे हे पालक ठरवतात तेव्हा ती निवड त्यांची कितपत असते? आपांच्या स्वतःच्या सुनेनं अर्ज भरला नाही. ती वाईट बाई नाही, मुलाचं भलं बघणारी आहे. २०१० च्या जनगणनेत तातार येतं म्हणणारे सुमारे ४३ लाख होते, २०२१ च्या गणनेत सुमारे ३३ लाख. करोनाकाळातल्या त्या मोजणीवर आक्षेप आहेत, पण घसरणीची दिशा अंगणात उभं राहिलं तरी दिसते.

लिपीचंही तेच. तातार अरबी लिपीत लिहीत, १९२० च्या दशकात रोमन आली, १९३९ मध्ये सिरिलिक. आजोबांच्या वडिलांचे कागद आपांना वाचता येत नाहीत, आपण मोडीपुढे बसतो तशा त्या बसतात. १९९९ मध्ये तातारस्ताननं पुन्हा रोमनकडे वळायचा कायदा केला, तेव्हा २००२ मध्ये मॉस्कोनं देशातल्या राज्यभाषांना सिरिलिकच हवी असं कायद्यानं ठरवून टाकलं.

सक्तीचा काळ निर्दोष होता असं आपाही म्हणत नाहीत. रशियन पालकांची तक्रार होती की वर्षानुवर्षं तातारचे तास होऊनही मुलांना दुकानात दोन वाक्यं बोलता येत नाहीत, नुसतं व्याकरण घोकून घेतात. ती तक्रार खरी होती. महाराष्ट्रात २०२० पासून सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे, आणि अनेक शाळांत तो तास कसा उरकला जातो हे पालकांना ठाऊक आहे. हे आपण आज दुरुस्त केलं नाही तर उद्या तेच कारण पुढे करून कोणीतरी ऐच्छिक हा सभ्य शब्द आणेल.

तेव्हा भाऊराया, तू रशियाचं उदाहरण देतोस ते अर्धं आहे. लाल चौकातलं रंगीत घुमटांचं संत वासिलीचं चर्च झार इव्हाननं बांधलं ते १५५२ मध्ये तातारांचं कझान जिंकल्याच्या स्मरणार्थ. मी कितीतरी पाहुण्यांना त्याच्यापुढे उभं करून फोटो काढले, पण कझानला जाईपर्यंत ही गोष्ट माझ्या मनाला लागली नव्हती. जो देश आपल्या भाषेत डॉक्टर घडवतो, तोच शेजारच्या भाषेला आठवड्याला दोन तास देतो. भारतात मराठीची जागा रशियनची नाही. तातारांपेक्षा आपण बोलणारे कितीतरी अधिक आहोत, राज्य आपलं आहे, ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जाही मिळाला. तरी वीस मुलांची अट वाचताना मला आपांच्या सुनेपुढचा तो कोरा अर्ज दिसला.

आणि ताई, तूही. (चुलत बहिणीला मी ताईच म्हणते, वयानं लहान असली तरी.) प्रेम घरात ठेवा म्हणतेस, तर आपांच्या घरात प्रेम कमी नव्हतं.

एका बाबतीत मात्र घरचा गोंगाट मला श्रीमंती वाटतो. आपल्याकडे शिक्षक, लेखक, पालक, परस्परविरोधी पक्ष रस्त्यावर आले आणि सरकारला निर्णय मागे घ्यावा लागला. कझानमध्ये भाषेसाठी बोलणारं सर्व-तातार सामाजिक केंद्र २०२२ मध्ये न्यायालयानं अतिरेकी ठरवून बंद केलं. आपांनी हे सांगताना आवाज खाली आणला, स्वतःच्याच स्वयंपाकघरात. ग्रुपवर 'आता पुरे हे भाषेचं' असं कोणी लिहिलं की मला तो खाली आलेला आवाज आठवतो.

पण मग आपल्याला आपल्या अंगणातही बघावं लागेल. गडचिरोली जिल्ह्यात मोहगावच्या ग्रामसभेनं २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. मान्यता नाही म्हणून तिला शिक्षण विभागाची नोटीस गेली. गोंडी, कोरकू, भिली बोलणाऱ्या मुलांसाठी मॉस्को आपण आहोत. मराठीसाठी मी जे मागते ते त्यांच्यासाठी मागायचं नसेल, तर आपांपुढे बसून दप्तर आणि जबाब जुळवत बसण्याचा मला अधिकार नाही.

परतीच्या गाडीत मुलानं विचारलं, आपांचा नातू तातार का बोलत नाही? मी म्हटलं, तू मराठी का बोलत नाहीस? तो खिडकीबाहेर बघत राहिला. 'तू रशियनमध्ये विचारलं तरी चालवून घेतेस म्हणून,' असं शेवटी म्हणाला, रशियनमध्येच.

दर शनिवारी मॉस्कोत संध्याकाळचे पाच वाजले की मिरजेत साडेसात होतात. आई देवापुढे दिवा लावून फोनपुढे बसते, समोर बालभारतीचं दुसरीचं पुस्तक. आधी मी मुलाला विचारायची, आज बसतोस का? आता विचारत नाही. पाच वाजता वही आणि पेन्सिल टेबलावर ठेवते.