तीनशे तास कसे काढावेत

समजा, तुम्ही फ्लोरिडातल्या एखाद्या शाळेत इंग्रजी शिकवता. एका सोमवारी हैतीहून नुकताच आलेला मुलगा तुमच्या वर्गात आणून बसवला जातो. त्याला इंग्रजीचा गंध नाही, तुम्हाला त्याच्या क्रिओल भाषेचा नाही. त्याच्याशी काय बोलावं या विचारात वेळ दवडू नका. त्याचं नाव हजेरीपटावर चढलं त्याच क्षणी तुमच्या नावावर, इंग्रजी न येणाऱ्या मुलांना कसं शिकवावं याचं ३०० तासांचं प्रशिक्षण चढलेलं आहे. आधी ते बघा.

हे ३०० तास आले कुठून, हे मात्र पाठ करून ठेवा, चाचणीत हमखास येतं. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी मुलांच्या लाऊ विरुद्ध निकोल्स खटल्यात १९७४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सगळ्यांना तीच पुस्तकं आणि तेच शिक्षक दिले म्हणून समान वागणूक होत नाही; ज्याला भाषाच कळत नाही, तो शिक्षणाबाहेरच राहतो. पुढे फ्लोरिडातल्या संघटनांनी राज्याला कोर्टात खेचलं आणि १९९० मध्ये तडजोडीचा हुकूमनामा झाला. मागणी रास्त होती: मुलांना कळेल असं शिकवा. आता ‘कळलं का’ हे मोजणं जिकिरीचं. तास मोजणं सोपं.

म्हणून इंग्रजीच्या शिक्षकाला ३०० तास. गणित, विज्ञान, समाजशास्त्रवाल्यांना ६०. चित्रकला, संगीत आणि पीटीच्या सरांना १८. मुख्याध्यापकांना ६०. गणितातली शाब्दिक उदाहरणंही इंग्रजीतच असतात हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण ठाऊक असणं वेगळं आणि तक्त्यात असणं वेगळं. वाद घालू नका, वादाचे तास धरत नाहीत. तुमचे तास पूर्ण होईपर्यंत पालकांना एक पत्र जाईल, की आपल्या पाल्याचे शिक्षक या कामापुरते ‘क्षेत्राबाहेरचे’ आहेत. बारा वर्षं इंग्रजी शिकवणाऱ्या माणसाने हे पत्र मनाला लावून घेऊ नये.

अभ्यासक्रम पाच, प्रत्येकी ६० तासांचे. ऑनलाइन घ्या. पडद्यावर ‘पुढे’ असं बटण दिसेल, पण निवेदिकेचं वाचून संपेपर्यंत ते राखाडीच राहतं. ती स्लाइडवरचाच मजकूर शब्दन् शब्द वाचते. घाई करू नका, आवाज बंद करून वह्या तपासायला घ्या. फक्त अधूनमधून माउस हलवत राहा, नाहीतर ‘तुम्ही अजून आहात ना?’ असा प्रश्न येतो आणि सगळं पहिल्यापासून. बावीस मिनिटांची ती स्लाइड नीट बघून ठेवा. तिच्यावर लिहिलंय: नुसतं व्याख्यान दिल्याने कोणी शिकत नाही.

भाषाशास्त्राचा भाग उपयोगी आहे, हे इथे उपरोध बाजूला ठेवून सांगतो. भाषा कशी शिकली जाते याचे अभ्यासक क्रॅशन म्हणतात, शिकणाऱ्याला त्याच्या पातळीच्या जरासं वरचं ऐकवावं, आणि धास्तावलेल्या मनात भाषा शिरत नाही. दोन्ही वाक्यं अधोरेखित करा आणि लगेच मेल उघडा: ‘मुदत शुक्रवारपर्यंत, अन्यथा अहवाल वर पाठवला जाईल.’ नव्याने आलेलं मूल बरेच दिवस गप्प राहतं, त्या गप्प राहण्याचा मान ठेवावा, असंही शिकवतात. तुम्ही मात्र गप्प राहू नका. दोन सहकाऱ्यांच्या उत्तरांवर प्रत्येकी शंभर शब्दांचा अभिप्राय दिल्याशिवाय मॉड्यूल संपत नाही. ‘तुमचा मुद्दा विचार करायला लावणारा आहे’ हे वाक्य चालतं, अजून कोणाचं अडलेलं नाही.

प्रत्यक्ष सत्र असेल तर प्रशिक्षक अचानक अनोळखी भाषेत धडा घेतील, म्हणजे मुलाला काय वाटतं ते तुम्हाला कळावं. दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि अकरावीला फिजिक्स थेट इंग्रजीत, असा प्रवास केलेल्यांनी चेहरा कोरा ठेवावा. ‘हा अनुभव आधीच घेतलाय’ म्हटल्याने तास कमी होत नाहीत.

याच विषयाचे दुसरे अभ्यासक कमिन्स यांचा मुद्दाही लिहून घ्या: मुलं गप्पांपुरती भाषा साधारण दोन वर्षांत उचलतात, पण पुस्तकातल्या भाषेला पाच ते सात वर्षं लागतात. हा आकडा परीक्षा विभागाला सांगायला जाऊ नका. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार तिथल्या शाळेत दाखल होऊन बारा महिने न झालेल्या मुलाला इंग्रजीच्या परीक्षेतून एकदा सूट देता येते. एकदा. उरलेली चार-सहा वर्षं त्याने कुठून आणायची, हे कुठल्याच मॉड्यूलमध्ये नाही.

दरम्यान तो मुलगा तिसऱ्या बाकावर बसून फळ्यावरची तारीख सुरेख अक्षरात उतरवतो. रोज. त्याच्याशेजारी बसून दहा मिनिटं एखादं पान वाचावं असं तुम्हाला वाटेल. आवरा. ती दहा मिनिटं कुठल्या रकान्यात भरणार? त्यापेक्षा पाठाच्या आराखड्यात ‘चित्रांचा वापर’, ‘जोडीने चर्चा’, ‘वाक्यांचे साचे’ यांपुढे खुणा करा. पाहणीला येणारे आराखडा बघतात.

तीनशे तासांसाठी मिळणारी सहा वर्षांची मुदत पुरवून वापरा. उत्साहाच्या भरात दोन वर्षांत तास संपवलेत, तर प्रमाणपत्राची प्रत मुख्याध्यापकांना मुळीच दाखवू नका. शाळेत पात्र शिक्षक एकच आहे हे त्यांना कळलं, की पुढच्या सत्रात नव्याने आलेली सगळी मुलं तुमच्याच वर्गात येतील, आणि शेजारच्या वर्गातले सर, ज्यांनी अजून नावही नोंदवलेलं नाही, तुम्हाला खुर्च्या आणून द्यायला मदत करतील.